दोर कोणाच्या हातात?

ब्राझीलमधल्या साल्वादोर शहराच्या कार्निव्हलमध्ये माझं लक्ष सगळ्यात जास्त वेधून घेतो तो एक दोर. मोठ्या ट्रकवर बँड वाजत असतो, भिंतीसारखे रचलेले स्पीकर छातीत धडधडत असतात, ट्रकच्या मागेपुढे हजारो माणसं एकाच छापाचे बनियन घालून नाचत असतात आणि या सगळ्या ताफ्याला चारी बाजूंनी जाडजूड दोर वेढून असतो. तो खांबांना बांधलेला नसतो. माणसांनी हातात धरलेला असतो आणि ताफ्याबरोबर चालत जातो. धरणाऱ्यांना तिथं ‘कोर्देइरो’ म्हणतात. रोजंदारीवर आलेली, बहुतेक गरीब वस्त्यांतली, बहुतेक कृष्णवर्णीय माणसं. आतल्यांच्या अंगावरचं बनियन म्हणजे ‘अबादा’. ते विकत घ्यावं लागतं, तेच आत नाचायचं तिकीट. ज्यांच्याकडे ते नाही ते दोराबाहेर, धक्काबुक्कीत. त्यांना नाव आहे ‘पिपोका’, म्हणजे मक्याच्या लाह्या. तडतडणाऱ्या, कुठंही उडणाऱ्या.

एकच रस्ता, एकच गाणं आणि तीन तऱ्हेची माणसं: पैसे भरून नाचणारा, फुकटात पण धक्के खात नाचणारा आणि पैसे मिळतात म्हणून न नाचणारा. तिसऱ्याचे दोन्ही हात दोराला अडकलेले असतात.

गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवात अगदी उलटी झाली होती. १९५० साली दोदो आणि ओस्मार या दोन वादक मित्रांनी एका जुन्या फोर्ड मोटारीवर कर्णे बसवले, तारवाद्यं विजेवर जोडली आणि ते वाजवत रस्त्यावरून निघाले. ज्याला वाटलं तो मागे लागला. तिकीट नव्हतं, बनियन नव्हतं आणि दोर तर नव्हताच. मोटारीचा पुढे ट्रक झाला, ट्रकचा धंदा झाला आणि धंद्याला कुंपण लागतंच.

जगातल्या अनेक शहरांना आज ‘उत्सवाचं शहर’ म्हणवून घ्यायचं आहे. त्यासाठी रोषणाई होते, कमानी उभ्या राहतात, चित्ररथांच्या स्पर्धा लागतात, किती लाख लोक आले याचे आकडे प्रसिद्ध होतात. या आकड्यांबद्दल मला फारसं कुतूहल नाही. मला विचारायचं असतं ते एवढंच: दोर कुठं आहे आणि तो कोणी धरलाय? माझं मत आधीच सांगून टाकतो. उत्सव बघायला येणाऱ्यासाठी देखावा उभारणं हे पालिकेचं काम नव्हे. सार्वजनिक पैसा जायला हवा तो उत्सव हातानं बनवणाऱ्यांकडे आणि रस्ता सुरक्षित, स्वच्छ, मोकळा ठेवण्याकडे. बाकी सजावट शहर स्वतः करतं. जे शहर करत नाही, त्याला कितीही माळा लावल्या तरी तिथं उत्सव येत नाही, फक्त वीजबिल येतं.

कार्निव्हल म्हणजे मुळात ख्रिस्ती लोकांच्या, राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या तोंडावरचे चार उनाड दिवस. पण उपवास न करणारेही हे दिवस जिवापाड जपतात. याचं कारण मला व्हेनिसच्या एका जुन्या रिवाजात सापडतं. तिथं मुखवटा घातलेल्या माणसाला नावानं किंवा पदवीनं हाक मारायची नाही, ‘मुखवटेबाई’ अशा अर्थाचं एकच संबोधन सगळ्यांना वापरायचं, अशी पद्धत होती. ‘बाउता’ नावाचा पांढरा मुखवटा हनुवटीपाशी पुढे आलेला असे. तो न काढता खाता-पिता येई आणि आवाजही बदलून जाई. सरदार, व्यापारी, नोकर, आत कोण आहे ते कळायची सोय नाही. वर्षभर ज्या शहरात कोणी कुठं बसायचं हे जन्मानं ठरलेलं असे, तिथं काही दिवस माणसाला माणूस म्हणूनच वागवावं लागे. मुखवटा शोभेसाठी नव्हताच. ते कामाचं हत्यार होतं.

१७९७ साली व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं आणि त्यापाठोपाठ मुखवट्यांचा हा कार्निव्हलही विझला. १९८० च्या आसपास तो पुन्हा सुरू करण्यात आला. कारागिरांनी कागदाच्या लगद्याचे मुखवटे बनवण्याची कला नव्यानं शिकून घेतली, हे चांगलंच झालं. पण आज तिथल्या दुकानांत बाहेरून आलेल्या स्वस्त मुखवट्यांच्या राशी असतात आणि ज्या जुन्या शहरात विसाव्या शतकाच्या मध्याला दीड लाखाहून जास्त लोक राहत होते, तिथं आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. मुखवटा घालून ज्याच्यापासून ओळख लपवायची तो शेजारीच घर सोडून गेला. मग चौकात उंची पोशाखातली माणसं स्तब्ध उभी राहतात आणि बाकीचे त्यांचे फोटो काढतात. दिसायला ते सुंदर असतं, हे मी नाकारत नाही. फुलपाखरांचा संग्रहही सुंदर दिसतो.

एखाद्या शहरातला उत्सव जिवंत आहे की टाचणीनं टोचलेला, हे ओळखायची माझी एक परीक्षा आहे. अधिकृत कार्यक्रम रद्द झाला तर मागे काय उरतं ते बघायचं.

फ्रान्समधलं लिऑन घ्या. ८ डिसेंबर १८५२ ला तिथं टेकडीवर मेरीच्या पुतळ्याचं अनावरण व्हायचं होतं. खरा मुहूर्त सप्टेंबरचा, पण नदीच्या पुरामुळे तो पुढे ढकलला होता. आता ८ तारखेलाही वादळाची लक्षणं दिसू लागली आणि आतषबाजी रद्द करायची वेळ आली. संध्याकाळी आभाळ निवळलं, तेव्हा लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि ते रस्त्यावर उतरले. कोणी आदेश दिला नव्हता. तेव्हापासून दर ८ डिसेंबरला लिऑनच्या खिडक्यांत काचेच्या छोट्या पेल्यांतले दिवे लागतात. गेल्या काही दशकांत त्यावर पालिकेचा प्रचंड प्रकाशोत्सव उभा राहिला. इमारतींवर चित्रं खेळवणारे प्रक्षेपक, जगभरचे कलावंत, लाखोंची गर्दी. आणि मग २०१५ साली नोव्हेंबरमध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले, लिऑनचा मोठा कार्यक्रम रद्द झाला. उरले ते खिडक्यांतले दिवे. त्या वर्षी ते मृतांसाठी लागले. सगळं बाजूला काढल्यावर आतून १८५२ सालची संध्याकाळ जशीच्या तशी निघाली.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये २०२१ साली असंच झालं. महामारीमुळे मार्डी ग्राच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या, सगळ्या मिरवणुका रद्द झाल्या. चित्ररथ निघणार नाहीत तर घरांचेच चित्ररथ करू, अशी कोणीतरी बोलता बोलता टूम काढली आणि बघता बघता हजारो घरं सजली. व्हरांड्यात डायनासोर आले, छपरावर कागदाच्या लगद्याची अजस्र फुलं आली. चित्ररथ बनवणारे कारागीर त्या वर्षी बेकार बसले होते. लोकांनी वर्गणी काढून त्यांना घरं सजवायच्या कामावर लावलं. एरवी चित्ररथ माणसांसमोरून जातात, त्या वर्षी माणसं चित्ररथांसमोरून गेली, गाडीत बसून, अंतर राखून. पालिकेनं यात केलं काय? फारसं काही नाही, आणि तेच योग्य होतं.

आपल्या माहितीतल्या कोणत्याही सणाला ही परीक्षा लावून बघा. मंडप, व्यासपीठ, प्रायोजकांच्या कमानी, ध्वनिक्षेपक सगळं वजा केल्यावर घराच्या दारात, खिडकीत, लोकांच्या अंगावर काय शिल्लक राहतं?

इथं एक आक्षेप येतो आणि तो तगडा आहे. साधेपणाचं हे कौतुक पोट भरलेल्यांना सुचतं. गरिबाला झगमगाट हवा असतो. रिओच्या कार्निव्हलचे विख्यात रचनाकार झुआंझिन्यो त्रिंता यांच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं: लोकांना ऐश्वर्य आवडतं, दारिद्र्य आवडतं ते बुद्धिवंतांना. हे वाक्य वाचल्यावर मी थोडा ओशाळलो, कारण निशाणा माझ्यासारख्यांवरच आहे. आणि ते खरंही आहे. रिओतल्या सांबा शाळा, म्हणजे कार्निव्हलसाठी नाच, पोशाख आणि चित्ररथ तयार करणारी मंडळं, डोंगरउतारावरच्या आणि उपनगरांतल्या गरीब वस्त्यांतून उभ्या राहिल्या. वर्षभर मोलमजुरी करणारी बाई त्या एका रात्री पिसांचा मुकुट घालून राणीसारखी चालते. तिला कुठल्या तोंडानं सांगायचं की बाई, जरा साधं नेस?

पण त्या झगमगाटाकडे नीट बघितलं की कळतं, तो कोणी आणून टांगलेला नाही. तो शिवलेला आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये, कार्निव्हल महिन्यावर आलेला असताना, सांबा शाळांच्या गोदामांना आग लागली. तीन शाळांचे हजारो पोशाख जळाले. त्या वर्षी या तिघींना स्पर्धेत गुण द्यायचे नाहीत आणि कोणालाच खालच्या गटात टाकायचं नाही, असं ठरलं. मग त्या तिन्ही शाळा पुन्हा शिवायला बसल्या आणि महिन्याभरानं रस्त्यावर उतरल्या. ज्यांच्याकडे सजावट करायचं कसब असतं, त्यांची सजावट जळाली तरी परत होते. ज्यांच्याकडे फक्त सजावटीचं कंत्राट असतं, त्यांची जळाली की विम्याचा दावा होतो.

खुद्द त्रिंतांनी १९८९ साली काय केलं तेही सांगायला हवं. बेइजा-फ्लोर या शाळेसाठी त्यांनी विषय घेतला कचऱ्याचा. भिकाऱ्यांची लक्तरं, उकिरड्यावरचा माल, त्यातून चित्ररथ. आघाडीला चिंध्या पांघरलेल्या ख्रिस्ताची प्रचंड मूर्ती. चर्च न्यायालयात गेलं, मूर्तीवर बंदी आली. शाळेनं ती काळ्या प्लास्टिकनं झाकली, त्यावर ‘मनाई असली तरी आमच्याकडे लक्ष असू दे’ अशा अर्थाचा फलक लावला आणि तसंच मिरवत नेलं. शाळा दुसरी आली. पण आजही त्या सालची आठवण निघाली की लोक बोलतात ते झाकलेल्या ख्रिस्ताबद्दल. ऐश्वर्य लोकांना आवडतं म्हणणाऱ्या माणसानं कचऱ्याला ऐश्वर्य दिलं. सजावटीतून शहर आपल्या मनातलं बोलतं, ते असं. प्रायोजकाच्या फुग्याच्या तोंडून ते काय बोलणार?

रिओच्या सांबाद्रोमबद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे झुकतं. आधी दरवर्षी रस्त्यावर तात्पुरत्या गॅलऱ्या उभारायच्या आणि मोडायच्या, असं चाले. १९८४ साली वास्तुरचनाकार ऑस्कर निमायरनी आखलेला सुमारे ७०० मीटरचा कायमचा मिरवणूकमार्ग झाला. गॅलऱ्यांखाली मुलांसाठी शाळेचे वर्ग काढले, ही कल्पना तर मला फारच आवडते. काही रात्री नाच, बाकी वर्षभर पाढे. पण त्याच बांधकामानं नाचणारे आणि बघणारे यांच्यात सिमेंटची सीमा आखली, आणि बघणाऱ्यांतही तिकिटाच्या दरानुसार थर केले. रिओचं नशीब एवढंच की शहरातल्या गल्ल्यांतून ‘ब्लोकू’ म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्याचे नाचणारे जथे अजून निघतात, आणि त्यांत कोणीही घुसतं.

मग सगळ्यांनी नाचलंच पाहिजे का? नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा कार्निव्हल माझ्या सिद्धांतात नीट बसत नाही, म्हणूनच त्याच्याबद्दल सांगतो. तिथं बघ्यांनी वेषांतर करायचं नसतं. पूर्ण मुखवटा फक्त सहभागी मंडळांनी घालायचा. म्हणजे आतले आणि बाहेरचे हा भेद कडक. राखेच्या बुधवारनंतरच्या सोमवारी पहाटे चारच्या ठोक्याला जुन्या शहरातले रस्त्यावरचे दिवे एकदम घालवले जातात. एक आरोळी उठते आणि अंधारात ढोल व छोट्या बासऱ्या सुरू होतात. उजेड असतो तो मंडळांनी रंगवलेल्या, माणसापेक्षा उंच कंदिलांचा, ज्यांवर वर्षभरातल्या राजकारणाची, पुढाऱ्यांची, शहराच्या कारभाराची टर उडवलेली असते. तिथून बरोबर ७२ तास. गुरुवारी पहाटे चारला सगळं संपतं.

या शहराच्या पालिकेनं केलेली सजावट काय, तर दिवे घालवणं. यापेक्षा शहाणी रोषणाई मी ऐकलेली नाही. आणि पैसा? मंडळी दरवर्षी धातूचा एक नवा बिल्ला काढतात, तांब्याचा, चांदीचा, सोनेरी. बघायला येणाऱ्यानं तो विकत घेऊन छातीवर लावायचा. त्यातून मंडळांना मदत जाते. बिल्ला नसलेल्याच्या अंगावर कागदाच्या टिकल्यांचा वर्षाव होतो, एवढीच शिक्षा. टिकल्यांचासुद्धा नियम आहे: पोतं एकाच रंगाच्या टिकल्यांचं हवं. मिसळीच्या दिसल्या तर त्या रस्त्यावरून झाडून परत भरल्या असं समजतात. बाझलमध्येही रेषा आहे, पण ती कष्टानं आखलेली आहे. वर्षभर ढोल शिकायला बसलात, कंदील रंगवलात, तर तुम्ही आतले. साल्वादोरच्या दोराच्या आत जायला एवढं काही करावं लागत नाही, फक्त पैसे मोजावे लागतात. त्या दोराशी माझं भांडण आहे.

जाहिरातींचं तर न्यू ऑर्लिन्सनं दाखवूनच दिलंय. तिथल्या मिरवणुकांत व्यापारी जाहिरातींना नियमानं मज्जाव आहे. चित्ररथाचा खर्च मंडळांचे सभासद वर्गणीतून करतात. जाहिराती नाकारून उत्सव भिकेला लागेल, ही भीती तिथं तरी खोटी ठरली. अर्थात त्या शहरानं सगळंच बरोबर केलंय असं नाही. यांतली जुनी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या श्रीमंतांची होती. १९९१-९२ च्या सुमारास पालिकेनं ठराव केला की मिरवणुकीचा परवाना हवा तर वंशाच्या आधारावर सभासदत्व नाकारता येणार नाही. तेव्हा शहरातल्या सगळ्यात जुन्या मंडळानं मिरवणूकच काढणं सोडलं. दोर सोडण्यापेक्षा रस्ता सोडला. माझ्या मते पालिकेनं अगदी योग्य ठिकाणी हात घातला होता: रस्ता सगळ्यांचा असेल तर त्यावरून जाणाऱ्याचं दारही उघडं हवं. २०१८ च्या सुरुवातीला याच शहरानं जाहीर केलं की एका हमरस्त्याच्या पाच चौकांएवढ्या पट्ट्यातल्या पावसाळी गटारांतून ९३,००० पौंड, म्हणजे सुमारे ४२ टन मणी निघाले. चित्ररथांवरून उधळलेल्या प्लास्टिकच्या माळा. पुरानं एकदा बुडालेलं शहर आपलीच गटारं मण्यांनी बुजवत होतं. त्याच शहरात ‘मार्डी ग्रा इंडियन’ (इंडियन म्हणजे इथं अमेरिकेतले मूळ रहिवासी) म्हणवणारी कृष्णवर्णीय मंडळी वर्षभर सुईदोऱ्यानं एकेक मणी ओवून आपला पोशाख शिवतात, आणि दरवर्षी नवा शिवतात. मणी तोच. एकीकडे तो मुठीनं फेकायचा, दुसरीकडे बोटं रक्ताळेपर्यंत ओवायचा. सार्वजनिक पैसा यांतल्या कोणाला द्यावा हे सांगायला तज्ज्ञांची समिती लागू नये.

आता सुरक्षेचा मुद्दा. दोर काढा म्हणणाऱ्याला पोलीस आयुक्त लगेच विचारतील, चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. २९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियातल्या सोलच्या इतेवॉन भागात हॅलोविनच्या गर्दीत एका अरुंद, उताराच्या गल्लीत १५९ जीव गेले. तिथं कोणी आयोजक नव्हता, म्हणून गर्दीचं नियोजनही नव्हतं. माणसं आपणहून जमली म्हणून पालिकेची जबाबदारी संपत नाही, हे त्या गल्लीनं भयंकर किमतीत शिकवलं. पण उलट टोकालाही बघा. जर्मनीतली ‘लव्ह परेड’ ही नाचाची मिरवणूक बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावर वाढली. २०१० साली ड्यूसबर्गमध्ये ती जुन्या मालधक्क्याच्या कुंपण घातलेल्या आवारात भरवली. आत-बाहेर जायची वाट एकच, बोगद्यातून चढावर. २१ माणसं तिथं गुदमरली. कुंपण होतं, प्रवेशद्वार होतं, परवानग्या होत्या. लंडनच्या नॉटिंग हिलचा कार्निव्हल रस्त्यावरून उचलून एखाद्या उद्यानात न्यावा, ही सूचना वर्षानुवर्षं होते आहे. तेव्हा मला ड्यूसबर्गचा बोगदा आठवतो. गर्दीला वाचवतात त्या बाहेर पडायच्या अनेक वाटा, मोजणी, वेळेवर थांबवलेला ओघ आणि गर्दीतलेच जाणते स्वयंसेवक. कुंपण यांतलं एकही काम आपोआप करत नाही.

गोव्याबद्दल न बोलता मराठीत कार्निव्हलवर लिहिणं बरं दिसणार नाही. पोर्तुगीज राजवट गेल्यावर काही वर्षांतच, साठच्या दशकात, पणजीत चित्ररथांची आजची मिरवणूक सुरू झाली. कार्निव्हलचा मोमो राजा ‘खा, पिये आनी मजा कर’ असं फर्मान सोडतो आणि जाहिरातींचे फलक लावलेले चित्ररथ सरकू लागतात. रस्त्याकडेला लोक हात हलवत उभे. त्याआधीचा ‘इंत्रुज’ मात्र उभं राहून बघायचा नव्हताच. एकमेकांना पीठ फासायचं, रंगाचं पाणी उडवायचं, आणि साष्टीतल्या गावांत अंगणाअंगणांतून ‘खेळ’ करायचे, ज्यांत गावातल्याच लोकांची खिल्ली. त्या खेळांतून पुढे रंगभूमीचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. चित्ररथांतून असं काही उभं राहिल्याचं मला माहीत नाही.

पुन्हा साल्वादोरकडे येतो. तिथं अलीकडच्या वर्षांत अनेक बँडनी दोर टाकून दिला आहे. ट्रक निघतो, मागं कोणीही या. मराठीत दोर कापणं म्हणजे परतीची वाट बंद करणं, आणि इथंही तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण यात एक अडचण आहे आणि ती मी टाळू शकत नाही. दोर गेला की कोर्देइरोची मजुरीही जाते. थोडी का असेना, ती मिळत होती. शहराला खरंच उत्सवावर पैसा घालायचा असेल तर तो तिथं घालावा. गर्दीची नस त्या बाईइतकी कोणाला कळते, जिनं दहा वर्षं दोर धरून ती हाताच्या तळव्यांनी अनुभवली? तिला तेवढीच, खरं तर दुप्पट मजुरी द्यावी, अंगात ओळखू येणारं जाकीट द्यावं, दोन गल्ल्यांच्या तोंडाशी उभं करावं आणि ओघ कधी थांबवायचा ते ठरवायचा अधिकार द्यावा. हात मोकळे राहतील. मधूनच ती नाचलीसुद्धा, तर कोणाची हरकत असू नये.